शपथेची होडी

फार फार वर्षांपूर्वी, गोरखचिंचेची झाडे आजच्याइतकी म्हातारी झाली नव्हती तेव्हा, आफ्रिकेतल्या एका रुंद नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये होती. लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

अलीकडच्या राज्यात मीठ पिके, पलीकडच्या राज्यात नाचणी. एकाला दुसऱ्यावाचून घास गोड लागत नसे, तरी भांडण मात्र आजोबा-पणजोबांच्या काळापासून चाललेले. कशावरून, ते कोणालाच धड आठवत नव्हते.

नदीत मगरी फार आणि होडी एकच. ती अलीकडच्या काठावर राहणाऱ्या सेकाई नावाच्या विधवा नावाडिणीची. बाण उडत असतानाही ती मीठ घेऊन जाई आणि नाचणी घेऊन येई. ती दिसली की दोन्हीकडचे शिपाई धनुष्ये खाली करत. लढायचे झाले तरी जेवावे लागतेच ना!

सेकाईची एकुलती एक लेक, रुडो, पलीकडे दिली होती. तिला दिवस गेले होते. पहिलेच बाळंतपण, आणि सेकाईसारखी सुईण दोन्ही काठांवर दुसरी नव्हती. आईने लेकीला सांगून ठेवले होते, "कळा सुरू झाल्या की नवऱ्याला ढोल वाजवायला सांग. चुलीवरची नाचणी शिजायच्या आत मी आलेच समज."

त्याच वर्षी दोन्ही राजांना शहाणपण सुचले. तह करायचा ठरला. पण दुसऱ्याच्या जमिनीवर आधी पाय कोणी ठेवायचा? एकही राजा तयार होईना. शेवटी नदीच्या मधोमध, सेकाईच्या होडीत बसून शपथ झाली. नदी दोघांची; मीठ, नाचणी, लेकीबाळी, कशालाही कोणी अडवायचे नाही; दोन्ही राज्यांनी मिळून सात नव्या होड्या बांधायच्या. काठांवर लोक नाचले. वल्हे हातात धरून बसलेली सेकाई तर रडलीच.

आता त्या मुलखात एक जुनी रीत होती. ज्या वस्तूच्या साक्षीने राजा शपथ घेई, ती वस्तू पुन्हा कामाला लावायची नाही. अलीकडच्या राजाचा म्हातारा कारभारी म्हणाला, "एवढी मोठी शपथ! होडीचा मान राखायलाच हवा." होडी पाण्यातून उचलली, गोरखचिंचेखाली चौथऱ्यावर बसवली, तिला लाल मातीचा लेप दिला आणि पहारा ठेवला. सेकाईला मानाचा शेला मिळाला. खरे सांगायचे तर ती मोहरून गेली. तिने हरकत घेतली नाही. सात होड्या येणारच होत्या.

त्या येईनात. पहिल्या होडीचे लाकूड कोणाच्या जंगलातले, यावर दोन्ही दरबार आपापल्या काठावर बसून विचार करत होते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

एका सकाळी पलीकडे ढोल वाजला.

सेकाई धावत चौथऱ्यापाशी आली. शिपायाने भाला आडवा धरला. लढाईत तिला पाहून धनुष्य खाली करणारा तोच हा शिपाई.

"मावशी, हात लावू नका. शपथेची होडी आहे ती."

"अरे, शपथ कसली झाली होती?"

"नदीवर कोणालाही अडवायचं नाही, अशी."

"मग मला का अडवतोस?"

शिपाई ओशाळला, पण त्याने भाला काढला नाही.

कारभारी आला. तो काही वाईट माणूस नव्हता. "बाई, माझाही जीव तुटतो," तो म्हणाला. "पण शपथ दोन राजांची आहे. दोघांचीही परवानगी लागेल. पलीकडे दूत पाठवतो."

"कशातून पाठवाल?"

कारभाऱ्याने होडीकडे पाहिले, मग नदीकडे पाहिले. "हा प्रश्न पुढच्या बैठकीत घेऊ," तो म्हणाला.

ढोल वाजतच होता. सेकाई कमरेइतक्या पाण्यात शिरली, तेव्हा लोकांनी तिला ओढून बाहेर काढले. ऊन डोक्यावर आले आणि ढोल थांबला.

आठ दिवसांनी, नदी पायी ओलांडता येते अशा लांबच्या उतारावरून वळसा घालून जावई आला. त्याने डोके भादरले होते. त्याला काही सांगावे लागले नाही. रुडो गेली होती, आणि बाळही.

शपथेला वर्ष झाले. कारभाऱ्याने सेकाईला मानाने बोलावले. होडीवर पूजेचे पहिले पाणी तिनेच घालायचे होते. ती वाळक्या भोपळ्याचा तुंबा भरून पाणी घेऊन आली. जुन्या सवयीने तिने होडीच्या काठावर हात टेकला, आणि काठ भुगा होऊन गळला. आत सगळी वाळवी. बाहेर नुसता लाल मातीचा लेप उरला होता.

"एवढी जपली, तरी कशी लागली?" कारभारी पुटपुटला.

"पाण्यात असती तर लागली नसती," सेकाई म्हणाली. मानाचा शेला तिने अंगावरून काढला, प्रेतावर घालतात तसा होडीवर घातला आणि ती निघून गेली.

मीठ अलीकडे साठून राहिले, नाचणी पलीकडे. अळणी खाणारे मीठवाल्यांना शिव्या देऊ लागले, उपाशी राहिलेले नाचणीवाल्यांना. पाऊसकाळापूर्वी बाण पुन्हा बाहेर निघाले. या खेपेला ते थांबवायला मध्ये कोणाची होडी नव्हती.

म्हणून मनाशी खूणगाठ बांधून ठेवा: ज्या मैत्रीला कामातून काढून देव्हाऱ्यात बसवतात, तिला वाळवी लागते.