लव्हाळ्याचं विमान

एका जंगलात झिपरू नावाचा सुगरणपक्षी राहत होता. जंगलाचं विमान विणायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते उडालं तर त्याचा फायदा ठरलेला होता: राजबाभळीची एक फांदी. खाली पाणी, भोवती काटे. साप चढत नाही, घार शिरत नाही. त्याच्या जातीत नर अर्धं घरटं विणतो आणि मादी येऊन तपासून जाते. झिपरूची तीन घरटी तिघींनी नापास केली होती. विणकाम सुरेख, म्हणाल्या, पण जागा घारींच्या वाटेवर.

घारी नदीपलीकडच्या. रोज यायच्या, अंडी-पिल्लं उचलून न्यायच्या. म्हणून वाघमहाराजांनी जाहीर केलं, ‘यापुढे आपलं लढाऊ विमान आपणच बांधू.’

नदीकाठच्या उघड्या रेतीत अंडी घालणारी टिटवीआक्का सभेत उठली. ‘महाराज, आपल्यात उडणारे ढीगभर आहेत. त्यांनाच पहाऱ्याला बसवलं तर?’

उड्डाणमंत्री गव्याने तिला समजावलं, ‘आक्का, ते उडतात हो. पण त्यांचं उद्घाटन कसं करणार?’

झिपरूने पंधरा दिवसांत लव्हाळ्याचं विमान विणलं. कड्यावरून ढकललं की वाऱ्यावर तरंगेल इतकं हलकं. पोटात बाभळीचे काटे; घार दिसली की वरून ओतायचे.

मग गवा कोनशिला घेऊन आला.

‘ही कुठे बसवायची, साहेब?’

‘कुठे म्हणजे? सरकारी बांधकामात कोनशिला दर्शनी भागी लागते.’

‘पण साहेब, हे उडायचंय.’

‘उडू दे की. आमची कुठे हरकत आहे?’

पहिली कोनशिला महाराजांच्या नावाची, दुसरी गव्याच्या. पुढे खातं अस्वलाकडे गेलं. त्याने नव्याने भूमिपूजन करून तिसरी बसवली. मग अस्वलाचं मधाचं प्रकरण निघालं आणि खातं परत गव्याकडे आलं. तो चौथी घेऊन आला.

‘साहेब, तुमची एक आहे ना आधीची.’

‘ती मागच्या कार्यकाळातली.’

चार दगडांचं विमान वाऱ्याला उचलेना. झिपरू भीत भीत म्हणाला, ‘एखाददुसरी काढली तर?’

‘महाराजांचं नाव काढायचं म्हणतोस?’

‘नाही नाही, मी आपलं वजनाचं बोलत होतो.’

‘मग काटे काढ. काट्यांवर कुणाचं नाव आहे?’

काटे काढले. तरी विमान हलेना. शेवटी रोजचे सहा मासे कबूल करून नदीपलीकडचा एक गरुड भाड्याने आणला आणि विमानाच्या पाठीवर जुंपला. त्याची अट एकच: पलीकडच्या दिशेने उडणार नाही. घारी त्याच्या शेजारी, रोज तोंडं बघायची. गव्याने अट मान्य केली आणि सभेत सांगितलं, ‘बंधूंनो, उडणं सोडलं तर आपलं विमान शंभर टक्के स्वदेशी आहे.’ टाळ्या बराच वेळ चालल्या.

उड्डाणाच्या दिवशी सगळं जंगल नदीकाठी जमलं. एक मादीही आली होती. ‘उडालं तर फांदी बघायला येईन,’ एवढंच ती झिपरूला म्हणाली. गरुडाने पंख मारले आणि विमान खरोखरच उठलं. विमान रेतीवर आलं, लव्हाळं करकरलं आणि पोट फाटून चारही कोनशिला एकामागोमाग खाली गेल्या. खाली टिटवीची चार अंडी होती.

पुढचं भाषण गव्याने न अडखळता केलं. ‘पहिल्याच उड्डाणात अचूक लक्ष्यभेद, चारपैकी चार. घारींचा अंडी मिळवण्याचा एक अड्डा आपण कायमचा बंद केला आहे.’

टिटवी झिपरूपाशी आली. ‘झिपऱ्या, दगड आहेत हे तुला ठाऊक होतं ना?’

‘आक्का, मी काढा म्हणालो होतो.’

‘मोठ्याने म्हणालास?’

झिपरूने पंख पसरले. मादी राजबाभळीकडे निघाली होती आणि उशीर होत होता.

महाराजांना मिरवणूक मिळाली, गव्याला बढती, गरुडाला मासे, झिपरूला फांदी. यंदा त्याचं घरटं पास झालं. दुसऱ्या विमानासाठी जंगलाने वर्गणी दिली, पक्ष्यामागे दोन पिसं. टिटवीकडून चार घेतली, कारण राष्ट्रीय आनंदाच्या दिवशी ती रडताना आढळली होती.