सरदाराची खोट

"…मग सरदाराला पहिल्या वाघरीत सोडू न्हवं, आक्का?"

आपल्या मेंढ्याविषयी हैबतीनं विचारलं खरं, पण यात विचारण्यासारखं काही आहे असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. नवरदेवाला बोहल्यावर चढवू का, असं कुणी विचारतं का? पण आक्काच्या माळावर आक्काला विचारल्याशिवाय पानही हलत नसे, म्हणून विचारलं.

सगुणाआक्का खोपटासमोरच्या दगडावर बसून टकळी फिरवत होती. काळ्या लोकरीचा धागा तिच्या बोटांतून सरसर खाली उतरत होता.

"पहिल्या वाघरीत कोन हाय?"

"निवडक. मऊ लोकर, लांब धागा. एकीला झाकावी आन दुसरीला काढावी."

"दुसऱ्या?"

"मध्यम."

"तिसऱ्या?"

"उरल्यासुरल्या."

"हं…" आक्का म्हणाली.

समोर माळावर तीन वाघरी ताणलेल्या होत्या. वाघर म्हणजे मेंढरांभोवती खुंट्यांवर ताणायची सुताची जाळी. हैबतीनं पहाटेपासून खपून सगळा कळप तीन जाळ्यांत वाटला होता. मेंढ्यांना मेंढे दाखवायचा मोसम आला होता. कुठल्या मेंढ्यांत कुठला मेंढा सोडायचा, यावर पुढच्या साली कोकरं कशी निपजणार हे ठरणार होतं, आणि घोंगडी कशी होणार हेही.

आक्काचा कळप लहान, पण त्याच्या लोकरीला तोड नव्हती. तिनं कातलेलं सूत घ्यायला घोंगड्या विणणारे सनगर लांबून चालत यायचे. लोकर घेऊन जाणारे पुष्कळ होते, तशी विद्या घेऊन जाऊ पाहणारेही होते. त्यांना आक्काची एकच अट. मोसमात कळपाच्या वाटण्या करायच्या. आक्कानं मान डोलावली तर राहायचं. नाही डोलावली तर दिवस मावळायच्या आत काठी उचलायची आणि वाट धरायची.

आजवर सगळ्यांनी वाट धरली होती. एक जण रडत गेला, एक जण शिव्या देत गेला. शिव्या देणाऱ्याला आक्कानं वाटेसाठी भाकरी बांधून दिली होती, असं लोक सांगतात.

हैबतीला मात्र जायला जागाच नव्हती. गेल्या साली रोग आला आणि त्याचा वडिलोपार्जित कळप बघता बघता आडवा झाला. वाचला तो एकटा सरदार. जत्रेतल्या प्रदर्शनासाठी त्याला घरी छपरात बांधून हातानं भिजवलेले हरभरे चारणं चाललं होतं, म्हणून वाचला. पुढे त्यानं जत्रेत पहिला नंबर काढला. हैबतीच्या डोक्याला मानाचा फेटा बांधला गेला. पण मागं एकही मेंढी नसलेल्या धनगराला फेटा शोभतो का? हैबती त्या दिवशी फेट्यात तोंड खुपसून रडला होता. ते कुणाला माहीत नव्हतं.

आणि आज तो मनातून घाबरलेला होता. ते आक्काला माहीत असावं.

आक्का उठली. टकळी फिरवतच पहिल्या जाळीपाशी गेली. हनुवटीनं एक मेंढी दाखवली.

"हिची खोट काय?"

"पाय नाजूक. दगडावर घसरती."

"आन ती?"

"लोकर रेशमावानी, पर पोटाखाली उघडी. थंडीत कुडकुडंल."

आक्कानं दुसऱ्या जाळीतल्या दाखवल्या, तिसऱ्या जाळीतल्या दाखवल्या. हैबतीची जीभ अडखळली नाही. ही कोकराला दूध देत नाही, हिची लोकर काथ्यासारखी राठ, ही म्हातारी, हिच्या मानेला गाठ. दुसऱ्याची उणी बघण्यात त्याचा डोळा घारीचा होता.

"माझ्या काळ्याची खोट?" आक्कानं आपल्या थोरल्या मेंढ्याकडं बघत विचारलं.

हैबती जरा घुटमळला. गुरूच्या मेंढ्याला नावं कशी ठेवायची?

"सांग की. तो काय ऐकतोय?"

"लोकर दाट, पर राठ. आन पाय आखूड."

"भुंड्याची?" हा तिचा धाकटा मेंढा, बिनशिंगाचा.

"अंगानं बारीक."

आक्का खूश झालेली दिसली. निदान तिच्या भुवया वर गेल्या, आणि आक्काच्या बाबतीत तेवढंही पुष्कळ होतं.

"आन सरदाराची?"

सरदार खुंट्याला बांधलेला होता. पोटाखाली फडकं बांधलेलं, मालकाच्या परवानगीशिवाय त्यानं कुठं बाप होऊ नये म्हणून. मान ताठ. शिंगांना तेल. अंगावर लोकरीच्या लाटा.

"सरदाराला खोट न्हाय."

"न्हाय?"

"न्हाय, आक्का."

आक्का थोडा वेळ सरदाराकडं बघत राहिली. मग तितकाच वेळ हैबतीकडं.

"मग ह्याला कुटंच सोडता येनार न्हाय."

हैबतीला आधी वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पण आक्का वळून पुन्हा दगडाकडं निघालीसुद्धा होती. तो मागं धावला.

"आक्का, खोट हाय त्यानला सोडताय, आन ज्याला न्हाय त्याला बांधून ठेवताय?"

"व्हय."

"ह्यो कुठला न्याय?"

आक्का थांबली.

"मेंढी जितं उनी, तितं मेंढा भरलेला लागतो. मेंढा जितं उना, तितं मेंढी भरलेली लागती. ह्यो कुटं उना हाय तेच ठावं न्हाय. मग कुठल्या मेंढीला सांगू, बाई ह्याला सांभाळून घे?"

"पर उना न्हायच तर?"

हैबतीच्या खांद्याला पिशवी होती, सरदाराच्या भिजवलेल्या हरभऱ्यांची. ती पिशवी आक्कानं हात घालून काढून घेतली. तिसऱ्या वाघरीपाशी गेली आणि पिशवी आत उलटी केली. उरल्यासुरल्या म्हाताऱ्या मेंढ्या हरभऱ्यांवर तुटून पडल्या. जन्मात कुणी त्यांचे एवढे लाड केले नव्हते.

ती रिकामी पिशवी आक्कानं त्याच्या हातात दिली, सरदाराचं दावं सोडून दुसऱ्या हातात दिलं, आणि माळाकडं हात केला.

म्हणजे काय? निघून जा म्हणजे? की चारून आण म्हणजे?

विचारायची सोय नव्हती. आक्का टकळीत गुंग झाली होती.

हैबती तणतणत निघाला. म्हातारी चळली, असं तो सरदाराला सांगत होता. "तुझी बरोबरी करनारा हाय का हितं कुनी? जळतात सगळी तुझ्यावर." सरदारानं नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. माळावरचं गवत उन्हानं पार जमिनीला टेकलेलं होतं. आक्काचा कळप बारा महिने यावरच जगायचा. हैबती एका बाभळीखाली बसला आणि त्यानं दावं सैल सोडलं. हात रिकामे होते, करायला काही नव्हतं. म्हणून तो नुसता बघत बसला.

सरदारानं मान खाली घातली. तोंड हलवलं. मान वर केली. पुढे सरकला. पुन्हा मान खाली, पुन्हा तोंड हललं.

छान चरतोय की!

हैबतीला बरं वाटलं. पण मग त्याची नजर सरदार जिथून पुढे सरकला होता तिथं गेली. तिथलं गवत होतं तसंच होतं.

तो उठून जवळ गेला. खाली वाकला. सरदार गवत ओढत होता, आणि गवत तोंडातून सुटत होतं. उंच गवताचा एखादा तुरा मिळाला की तो घाईघाईनं खायचा. खुरट्या गवतावर मात्र त्याचे ओठ नुसतेच घासत होते.

असं का?

आता मात्र हैबती राग विसरला. त्यानं सरदाराची मान काखेत धरली आणि तोंड उघडलं. हे तोंड त्यानं शेकडो वेळा उघडलं होतं. जत्रेत तर दर येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवलं होतं, "बघा, चार दाती!" मेंढराला पुढचे दात फक्त खाली असतात. ते वरच्या हिरडीला जाऊन भिडले की गवत तुटतं. सरदाराचे दात पांढरेशुभ्र होते, सरळ होते, आणि हिरडीपर्यंत पोचतच नव्हते. खालचा जबडा आखूड. थोडासाच, नखाएवढा. आजवर त्यानं दात मोजले होते. ते भिडतात कुठं, हे पाहिलं नव्हतं. हातावर हरभरे घेऊन खाणाऱ्याला काय, ओठ असले तरी पुरे!

हैबती तिथंच मातीत बसला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सरदारानं त्याच्या रिकाम्या तळव्यावर नाक घासलं, तेव्हा हैबतीला त्याची पहिल्यांदाच दया आली. एवढ्या दिवसांत त्यानं सरदारावर जीव टाकला होता, अभिमान बाळगला होता, पण दया कधी आली नव्हती. म्हणजे माळावर सोडला असता तर हा राजा उपाशी मेला असता.

थोड्या वेळानं त्याच्या मनात दुसरंच काहीतरी आलं. तो उठला आणि झपाझप चालत परत आला.

आक्काकडं गेला नाही. थेट पहिल्या वाघरीत शिरला आणि एकेकीचं तोंड उघडून बघू लागला. मऊ लोकरीच्या, लांब धाग्याच्या, निवडक. बऱ्याच जणींचे दात हिरडीच्या कडेलाच कसेबसे टेकत होते. सरदाराला यांच्यात सोडलं असतं तर? पुढच्या साली हा सगळा माळ उपाशी कोकरांनी भरला असता. सुंदर लोकरीच्या उपाशी कोकरांनी.

मग तो दुसऱ्या वाघरीत गेला. मग तिसऱ्या. म्हाताऱ्या मेंढ्या ओरडल्या, एकीनं त्याच्या गुडघ्यावर ढुशी दिली. पण त्यानं सगळ्यांची तोंडं उघडली. आणि हसला.

आक्का दगडावर होती. टकळी फिरत होती.

"आक्का, घावली."

"काय?"

"खोट. जबडा आखूड हाय त्याचा."

"आरं आरं," आक्का म्हणाली. तिच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता. एखाद्याच्या घरचं दुखणं ऐकावं तसं तिनं ते ऐकलं. "मग? कुटं सोडायचा?"

"तिसऱ्या वाघरीत."

"उरल्यासुरल्यांत? जत्रेतला पैला नंबर?"

"त्यांची तोंडं कात्रीवानी मिटत्यात, आक्का. त्या जबड्याच्या जिवावरच तर म्हाताऱ्या झाल्या. लोकर राठ हाय, ती सरदार बघंल."

"आन निवडक?"

"काळ्याला द्या. त्याचा जबडा दांडगा हाय. मधल्यांत भुंड्या."

"काळ्याची लोकर राठ म्हनालास."

"हाय की राठ. पर मऊ लोकर घेऊन उपाशी मरन्यापरास…" तो थांबला. "आक्का, सगळी कोकरं बरी निपजतील का?"

"छ्या. काई बापाच्या तोंडाची निपजतील, काई आईच्या लोकरीची."

"मग?"

"मग फुडल्या साली परत तोंडं उगडायची."

तिनं टकळी थांबवली. आणि मान डोलावली.

हैबतीनं सरदाराच्या पोटाचं फडकं सोडलं आणि त्याला तिसऱ्या जाळीत लोटलं. सरदार ऐटीत आत गेला. मघाच्याच म्हाताऱ्या मेंढीनं त्यालाही एक ढुशी दिली. जत्रेत त्याला असं कुणी वागवलं नव्हतं. तो गोंधळून उभा राहिला, मग मान खाली घालून मुकाट्यानं तिच्या मागं चालू लागला.

दोघं जाळीपाशी उभं राहून बघत होती.

दिवस कलला होता. काठी उचलायची की खाली ठेवायची, हे हैबतीला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मान डोलावली होती खरी, पण ती मेंढ्यांसाठी की त्याच्यासाठी? त्याला विचारायचं होतं, "आक्का, मी ऱ्हाऊ का?" पण ओठांवर आलं ते वेगळंच. आज त्याला दुसऱ्याच्या तोंडात डोकावायची सवय लागली होती ना.

"आक्का, ह्या माळावर सगळ्यांची खोट तुमाला ठावं. काळ्याची, भुंड्याची… सरदाराची तर तुमी लांबूनच वळखली असंल."

"हं."

"माझीबी."

"हं."

"मग तुमची काय?"

विचारलं आणि त्यानं जीभ चावली. आता काठी उचलावीच लागणार! कुठल्या गुरूला कुणी असं विचारतं का?

आक्का हसू लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून, पोरीसारखी हसली. तिला असं हसताना माळावर कुणी पाहिलं नव्हतं.

"आजवर आलेल्यांनी ह्ये एकानंबी इच्यारलं न्हाय," ती म्हणाली.

"मग सांगा की."

आक्कानं त्याच्या हातातली काठी घेतली आणि आपल्या काठीशेजारी खोपटाला टेकवून ठेवली.

"तुला घावंस्तवर ऱ्हा."