येसूचा भार

फार वर्षांपूर्वी, वांजुळवाडीच्या कड्यावर माणसांपेक्षा आग्या मधमाश्यांचीच सत्ता जास्त होती तेव्हा, त्या गावात येसू नावाची लोहारीण होऊन गेली. तिच्या चाकूने पाणी कापलं तर पाण्याला परत सांधायला वेळ लागायचा, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय, ते काहीही म्हणतात. पण येसूच्या बाबतीत थोडं कमीच म्हणतात.

येसूचा बाप मल्हारी हाही चाकूच घडवायचा. पातं मुठीच्या पोटात मिटणारे, दिवसभर कमरेला खोचून हिंडायचे. पण एकदा त्याच्या चाकूचा खिळा, म्हणजे ज्याच्याभोवती पातं फिरतं तो, भर कामात तुटला. पातं उलटं मिटलं आणि एका गुराख्याची बोटं गेली. गावाने मल्हारीला तोंडावर काही म्हटलं नाही. माणसं फक्त चाकू घ्यायला नदीपलीकडे जाऊ लागली. मल्हारीने त्या दिवशी भट्टी विझवली, ती परत पेटवली नाही.

ती पेटवली येसूने. बाईने घण मारावा, घडवायच्या भानगडीत पडू नये, असं चार शहाणे म्हणाले. येसूने त्यांचं ऐकून घेतलं आणि भाता ओढायला बसली. बापाच्या नावाला लागलेला डाग तिला पुसायचा होता, आणि तो बोलून पुसला जाणार नाही हे तिला कळत होतं.

चाकू मागायला कुणी आलं की ती आधी त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यायची आणि म्हणायची, "दाब." मातीत उठलेल्या मुठीबरहुकूम ती म्हशीच्या शिंगाची मूठ कोरायची. गुराख्याची मूठ वेगळी, सुईणीची वेगळी. मग पातं घडवून त्याला पाणी द्यायची, पातं ताणून धरणारी कमान पाठीला बसवायची, आणि सगळ्यात शेवटी खिळा ठोकायची. एवढं करूनही चाकू लगेच मिळायचा नाही. एका आठवडी बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत तो येसूच्या कमरेला राहायचा. त्यानेच ती कांदा चिरायची, पायातला काटा काढायची, सुंभ तोडायची. "लेक नांदायला धाडायची तर आधी घरात वागवून बघावी लागती," ती म्हणायची.

आणि शेवटी गावाबाहेरच्या ऐनाच्या खोडात पातं रुतवून ती मुठीला धरून लटकायची. येसू चांगली भरल्या अंगाची बाई होती. ऐन करकरायचा, चाकू हूं की चूं करायचा नाही. मगच ती तो मिटून जमिनीवर ठेवायची आणि म्हणायची, "माजा भार पेलला, तुजा पेलंल. उचल."

हळूहळू नदीपलीकडची माणसंच अलीकडे येऊ लागली. खोऱ्यात येसूचा चाकू नाही अशी कंबर राहिली नाही, आणि एकाही चाकूने दगा दिला नाही.

वर्षं गेली. येसू म्हातारी झाली. तिची नात सगुणा हिचा नवरा बयाजी कड्यावरचा मध काढायचा. चांगला रेड्यासारखा दांडगा गडी. त्याच्यासाठी येसूने चाकू केला, कमरेला वागवला, ऐनाला लटकून पाहिला आणि दिला. बयाजी तो घेऊन भावाबरोबर, गोमाबरोबर, कड्यावर गेला.

त्याच सकाळी सगुणाने आजीला ओढ्यापलीकडे नेण्यासाठी काखेत उचललं आणि हसली. "आजे, रिकामी टोपली झालीस गं."

येसू हसली नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला. गुडघे गेले, दात गेले, सगळं तिने हिशेबात धरलं होतं. वजन गेलं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ऐनाने यंदा करकर केली नव्हती आणि तिला वाटलं होतं, चाकू चांगला साधला.

"सगुणे," ती म्हणाली, "त्या चाकूला माणूस लटकलंच न्हाई. चल वर."

वाटेतच गोमा धावत येताना भेटला. दोर कड्याच्या धारेवर घासून तुटला होता. बयाजी कपारीत चाकू रुतवून त्याला लोंबकळत होता. वाटेवरच्या गोठ्यातला दोर घेऊन तिघं वर पोचली. कड्यावर नुसता कातळ, बांधायला झाड नाही. गोमाने दोर खाली सोडला. बयाजीने तो धरला आणि त्याच क्षणी चाकूचा खिळा तुटला. बिचारा खिळा तेवढ्यापुरताच थांबला होता.

आता सगळा बयाजी दोरावर आला. गोमाचे नि सगुणाचे पाय शेवाळावरून कड्याकडे सरकू लागले. येसूने दोराचं टोक कमरेला गुंडाळलं, कातळावर फतकल मारली, आणि खोऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "लेकींनो, जल्मभर तुमच्यावर भार टाकला. आज तेवढा माजा मला माघारी द्या."

असं म्हणतात, त्या घडीला खोऱ्यातले सगळे चाकू हलके झाले. कांदा चिरणाऱ्या बाईच्या हातातला चाकू पिसासारखा वर उचलला गेला. मेंढक्याने कंबर चाचपली तर चाकू असून नसल्यासारखा. आणि तो सगळा भार येसूच्या अंगात उतरला. दोर तिथल्या तिथे थांबला. कातळ तिच्याखाली पिठासारखा दबला. गोमाने नि सगुणाने बयाजीला वर ओढून घेतलं.

नंतर दोघा भावांनी म्हातारीला उचलायला हात घातले, पण ती जागची हलेना. "थांबा रं," ती म्हणाली, "ज्याचं त्याला देऊ द्या." थोड्या वेळाने सगुणाने तिला एकटीने पाठीवर घेतलं आणि रडत रडत घरी आणलं. येसूने त्याच दिवशी बयाजीच्या चाकूला नवा खिळा ठोकला. मात्र पुन्हा ती ऐनाला लटकली नाही. ज्याचा चाकू, त्याने लटकायचं, आणि तिने खाली बसून त्याला शिव्या घालायच्या, असा नेम झाला.

तो नेम वांजुळवाडीने मोडलेला नाही. चाकू आता दुकानातून येतो, तरी आधी एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत घरातल्या बाईच्या कमरेला राहतो, मग ऐनाला लागतो. कड्यावर येसूच्या भाराने पडलेला खळगाही तसाच आहे. मध काढायला माणूस उतरतो तेव्हा दोर आता कातळात ठोकलेल्या पहारीला बांधतात. पण त्याचं टोक नेऊन खळग्यात बसवलेल्या म्हातारीच्या कमरेला गुंडाळतात, आणि त्या मानासाठी गावातली सगळ्यात हलकी म्हातारी निवडतात. परगावची माणसं हसतात. दोरावरचा माणूस मात्र म्हातारी बसल्याशिवाय कड्याखाली पाय टाकत नाही.