न थांबणारा राजा आणि अबलख शिंगरू

पुन्हा मलाच धरलंत. गावात चार बुकं शिकलेली माणसं संपली का? बरं, लिहून घ्या, पण मध्ये शहाणपणा करून सुधारू नका. घोड्याचं मला कळतं, तुम्हाला नाही.

एका राज्यात वज्रधर नावाचा राजा होता. त्याची पागा मोठी, चाबूक लांब आणि धीर चिमटीएवढा. एके दिवशी एका मांत्रिकानं त्याला अबलख शिंगरू भेट दिलं. दोन वर्षांचं पोर ते, अंगाला कधी दोरी लागलेली नव्हती. राजानं भर दरबारात त्याच्या पाठीवर पूर्वजांचं रत्नजडित खोगीर टाकलं. शिंगरू उधळलं. राजानं चाबूक ओढला.

मांत्रिक म्हणाला, "राजा, ते उभं राहिलं नाही म्हणून मारलंस. आता तूही उभा राहणार नाहीस. हे शिंगरू दोरीवाचून, खोगीर पाठीवर घेऊन, आपखुशीनं तुझ्याजवळ उभं राहील तेव्हाच तुझे पाय थांबतील. त्याचा दुधाचा पहिला दात पडायच्या आत हे घडलं पाहिजे. नाहीतर चालता चालता मरशील."

एवढं बोलून मांत्रिक धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला.

आणि राजाचे पाय चालू लागले. जेवताना चालत, न्हाताना चालत. डोळा लागला तर झोपेतही चालत, भिंतीवर कपाळ आपटलं की राजा जागा होई. राजाला पाठ दाखवायची नाही आणि राजानं कुणाला पाठ दाखवायची नाही, असा त्या दरबारचा रिवाज. म्हणून प्रधान त्याच्यापुढं उलटा चाले आणि हौदात पडे. तीनदा पडला. राजाच्या टाचा फुटल्या. राणी लोण्याची वाटी घेऊन मागं धावे, पण लोणी लागे ते जमिनीलाच.

शिंगराच्या पाठीवर एक कोतवाल पक्षी बसत असे. काळा, दुभंगल्या शेपटीचा. तो माणसासारखा बोले.

"राजा, कामं तीन. आधी हात, मग म्होरकी, मग खोगीर. तिन्ही तूच करायचीस."

"आजच करतो."

"मग आजच मरशील," पक्षी म्हणाला.

राजा शिंगरावर चालून गेला. शिंगरू पळालं. राजा मागं, शिंगरू पुढं, पागेला अकरा दिवस फेऱ्या. बाराव्या दिवशी लीद काढणारी भिवरा म्हातारी पाटी खाली ठेवून खो खो हसली.

"कुणाला हसतेस?"

"महाराजांना. दुसरं हसण्यासारखं आहे काय इथं?"

"डोकं उडवीन."

"उडवा की. जरा थांबा आणि उडवा."

राजा थांबणार कसा? तो पुढं गेला, फेरी मारून परत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मग काय करू, बाई?"

"तुम्ही त्याच्यावर चालून जाताय. वाघ असाच येतो. पाठ दाखवा त्याला."

"आमच्या सात पिढ्यांनी कुणाला पाठ दाखवली नाही."

"त्या सात पिढ्या एका जागी उभ्या राहत होत्या."

राजानं दात खाल्ले आणि पाठ फिरवली. प्रधानानं डोळे मिटून घेतले. चालता चालता तिसऱ्या दिवशी राजाला मागं टापा ऐकू आल्या. पाचव्या दिवशी मानेवर ऊन श्वास लागला. त्यानं न बघता हात मागं नेला.

"त्यानं अंग चोरायच्या आधी हात काढा," भिवरा ओरडली. "त्यानं सोसलं, तुम्ही सोडलं. एवढाच सौदा."

राजानं आयाळीच्या मुळाशी खाजवलं आणि हात काढला. पुन्हा खाजवलं, पुन्हा काढला. शिंगराचा खालचा ओठ लोंबू लागला. पहिलं काम झालं.

दुसऱ्याला वीस दिवस गेले. राजानं आणलेली चांदीची साखळी भिवरानं उकिरड्यावर फेकली आणि तोंडाला बांधायची सुताची मऊ म्होरकी दिली. राजानं ती हुंगवली, मानेवर फिरवली, घातली, लगेच काढली. दिवसातून शंभरदा.

"दात हलतोय," पक्षी म्हणाला.

मग राजाला घाई झाली. खोगीर मागवलं. पण त्या खोगिरालाही मांत्रिकाचा शाप होता. उचलणाऱ्याला जितकी घाई, तितकं ते जड. राजाच्या हाती आलं तेव्हा ते जात्याएवढं झालं.

"आधी गोणपाट टाका," भिवरा म्हणाली. "मग घोंगडी."

"दात हलतोय, बाई!"

"पोटात तुमच्याही हलतंय. ते त्याला दिसतंय."

गोणपाट झाला, घोंगडी झाली. दात एका धाग्यावर लोंबू लागला. राजानं घामाघूम होऊन खोगीर पाठीवर चढवलं. शिंगरू त्याच्या बाजूनं चालत होतं, पण थरथरत होतं, डोळ्यातलं पांढरं दिसत होतं.

"तंग आवळा, महाराज!" प्रधान ओरडला. "धरा! जाईल ते!"

पोटाखालचा पट्टा राजाच्या हातातच होता. आवळायचा अवकाश, शिंगरू कुठं जाणार होतं? राजानं त्या डोळ्याकडं पाहिलं. मग पट्टा सोडला, खोगीर उतरवलं, म्होरकीही काढली.

"जा बाबा. तुला आज जमत नाही."

"महाराज, मराल!"

"मरेन. पण त्याला पुन्हा भिववणार नाही."

आणि खोगीर खांद्यावर टाकून राजा पाठ फिरवून वेशीच्या वाटेला लागला. राणी रडत मागं निघाली. भिवरानं तिचा पदर धरला. "ऐका," ती म्हणाली.

टापा.

शिंगरानं मागून राजाच्या खांद्याला तोंडानं ढुशी दिली. राजाला खांद्यावरचं खोगीर जड लागेना. घोंगडीएवढं हलकं झालं होतं ते. चालता चालता त्यानं ते हळूच शिंगराच्या पाठीवर ठेवलं. पट्टा तसाच लोंबत होता. शिंगरू थांबलं.

राजाचं उचललेलं पाऊल खाली आलं. दुसरं उचललंच नाही.

तो तिथंच धुळीत फतकल मारून बसला. शिंगरू त्याच्यावर मान टाकून उभं राहिलं, आणि दुधाचा दात टपकन त्याच्या मांडीवर पडला.

पुढं राज्यातले चाबूक जाळले गेले. भिवरा पागेची मुख्य झाली. प्रधानाला सरळ चालायची परवानगी मिळाली. पण त्याआधी, धुळीतच बसून, सगळ्या दरबारासमोर राजानं शिंगराला हात जोडले आणि तो म्हणाला, "चुकलो."

राजाला म्हणता आलं. माझी घोडी लेकाच्या वरातीला नेऊन, काटेरी लगामानं तिचं तोंड फाडून परत आणणाऱ्याला अजून म्हणता येत नाही. मला दुरून बघितलं की गल्ली बदलतो. त्याचंही नाव लिहा, ठसठशीत अक्षरात: हैबती ढमाले.