धूर नको, पाणी हवं

"इंजिनानं धूर ओकायचा नाही, आणि पाणी मात्र गच्चीवर पोचलं पाहिजे. जमत नसेल तर इंजिनघर रिकामं कर."

गगनवाडीच्या सरकारांचं हे फर्मान सुटलं ते येसबावर. नदीकाठचं, पाणी वर चढवणारं डिझेलचं इंजिन त्याचा थोरला भाऊ मसाजी चालवायचा. महिन्यामागं तापानं मसाजी गेला आणि इंजिन येसबाच्या गळ्यात पडलं. मागं राहिली वहिनी आणि तिची कच्चीबच्ची. सगळ्यांचा निवारा म्हणजे त्याच इंजिनघराची खोली.

सरकारांची खोड अशी, की अंघोळ करायची ती टेकडीवरच्या राजवाड्याच्या गच्चीत, साऱ्या गावाला दिसेल अशी. पण त्या पांढऱ्याशुभ्र गच्चीवर इंजिनाची काजळी बसायची.

यावर तोड काढली कारभारी आबासाहेबांनी. डिझेलमध्ये निम्मं स्पिरिट ओता, धूर पळालाच म्हणून समजा. स्पिरिट अर्थातच त्यांच्या मेव्हण्याच्या भट्टीतलं. अशानं इंजिनाचा जोर घटेल, असं येसबा बोलला, तर कारभारी मिशीत हसले. जोर उलट वाढेल म्हणाले. मसाजीला इंजिन कधी कळलंच नाही, म्हणून धूर व्हायचा, असंही वर सुनावलं.

येसबाचे डोळे भरून आले आणि जीभ सुटली. "दारूनं जोर येतो तो तोंडाला, आबासाहेब. अंगाला नाही. रोज तिन्हीसांजेला आरसा बघत चला."

इंजिनघराच्या दारात उभ्या वहिनीनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी हुकमाप्रमाणं निम्मं स्पिरिट पडलं. डबा सारखा हलवावा लागे, नाहीतर स्पिरिट आणि डिझेल सवतींसारखी वेगळी होऊन बसत. ते काम वहिनीवर सोपवून येसबा टेकडी चढून राजवाड्यात गेला. खाली इंजिन खोकलं, कुरकुरलं, चालू झालं. धूर खरंच नावाला. पण टेकडी चढता चढता पाण्याला धाप लागली, आणि ते राजवाड्याच्या खालच्या चौकातल्या हौदाशीच थांबलं. वर सरकार अंगभर उटणं फासून कोरड्या तोटीकडे बघत बसलेले.

शेवटी पंचा सावरत, पिवळेधमक सरकार जिना उतरून चौकात आले. तिथं येसबा चौरंग मांडून, घंगाळ भरून उभा.

कारभारी लगेच ओरडले, की याला हाकलाच, पाणी गच्चीवर आलंच नाही.

"कसं येईल?" येसबा म्हणाला. "माझा भाऊ धूर काढायचा तेव्हा कुठं पाणी तेवढं चढायचं. सरकार, एकतर धूर आपल्यापर्यंत वर यायचा, नाहीतर आपण पाण्यापर्यंत खाली यायचं. दोन्हीतलं काय सोसतं ते आपणच सांगा."

"म्हणजे तू आम्हाला खाली उतरवलंस?"

"माझी काय बिशाद? ते कारभाऱ्यांच्या स्पिरिटानं केलं."

सरकार असे हसले, की गालावरच्या वाळक्या उटण्याच्या खपल्या चौकभर उडाल्या. इंजिनघराची खोली त्यांनी तिथल्या तिथं मसाजीच्या बायकोच्या नावानं करून दिली.

"मसाजीला इंजिन कळत होतं," ते म्हणाले. "उद्यापासून नुसतं डिझेल घाल. आणि गच्चीवरची काजळी? ती रोज आमचे आबासाहेब घासतील."