हात न लागलेला दोर

एका राज्यात काहीच मुरत नसे. लोणचे घातले तर वर्षाने फोड कोरडी ती कोरडीच राही, मीठ वेगळे आणि मोहरी वेगळी. दुधाला विरजण लावले तर सकाळी दूधच. साग दहा उन्हाळे वाळवला तरी त्याची चौकट तिसऱ्या महिन्यात वाकडी होई. राजवाड्याची पूर्वेकडची भिंत दर सात वर्षांनी पडे, दर सात वर्षांनी बांधली जाई, आणि लोकांना त्याचे काही वाटेनासे झाले होते.

कारण ठाऊक होते. राजा वज्रकेताच्या आजोबांनी सिद्ध कंबळनाथाची जटा भर दरबारात कापून घेतली होती. तिच्यात माणके जडवली, ती पेटीत घातली आणि पेटी खजिन्याच्या विहिरीत सोडली. सिद्ध फार बोलला नाही.

"तीस वर्षे वाढली, ती तुम्ही एका घटकेत कापलीत," तो म्हणाला. "आता या राज्यात हाताने केलेले काही मुरणार नाही. माझी जटा माझ्याकडे परत येईल, तेव्हा पाहू."

पेटी वर काढावी म्हटले तर दोर लागे, आणि दोर हातांनीच वळतात. जो सोडला तो तुटला.

त्या राज्यात सुभाना नावाचा दोर वळणारा होता. त्याची बायको भिवरा फण्या करी. सुभानाला आपल्या अंबाडीच्या दोराचा अभिमान फार. आठ दिवसांत नवा दोर वळून, कमरेला बांधून, तो स्वतःच विहिरीत उतरला. निम्म्यावर दोर तुटला. तो मेला नाही. त्या विहिरीत वय वाढत नसे आणि भूक लागत नसे. तळाशी एका कातळावर तो बसून राहिला. दर पौर्णिमेला मात्र तो कातळ एक हात खाली जाई.

विहिरीवर एक बाभूळ वाकली होती, आणि तिला एका सुगरणीचे घरटे लोंबत होते. ते घरटे चार वर्षांचे होते आणि धड होते. भिवराने ते पाहिले आणि विचारले, "तुझे कसे टिकले?"

"शाप हाताला आहे, बाई. मला हात नाहीत," सुगरण म्हणाली.

"मग हात न लावता दोर कसा व्हायचा?"

"तुझ्या डोक्यावर होईल. सिद्धाच्या डोक्यावर झाला तसा. फणीचा हात लागू देऊ नकोस, पिळाचा हात लागू देऊ नकोस, पात्याचा हात लागू देऊ नकोस. ओढ्याच्या धारेखाली उभी राहा, मग उन्हात बस. एवढेच करायचे. सात विसा, म्हणजे एकशे चाळीस पौर्णिमा तुझ्या नवऱ्याची हाक वर येईल. त्यानंतर येणार नाही, आणि ज्याची हाक येत नाही तो त्या विहिरीत दगड होतो."

भिवराने विहिरीच्या कठड्यावर कोळशाने पौर्णिमेची पहिली रेघ ओढली आणि केसांतली फणी काढून ठेवली.

फणी न लावणे तिला सोपे गेले नाही. गुंता दिसला की तिची बोटे आपोआप तिकडे जात. बारा वर्षांची असल्यापासून ती बोटे दुसरे काही शिकली नव्हती. दुपारी काम संपले की हात डोक्याकडे वळत, आणि भानावर येईपर्यंत चार बटा सुटलेल्या असत. शेवटी तिने हात रिकामे ठेवायचेच सोडले. खाताना सोडून सदा हातात लाकूड आणि कानस. त्या वर्षी तिने इतक्या फण्या केल्या की गावात फुकट वाटाव्या लागल्या. साऱ्या महिन्याभरात वाकल्या, पण त्याला इलाज नव्हता.

रोज संध्याकाळी ती कठड्याशी जाई.

"कसा झालाय दोर?" खालून सुभाना विचारी.

"दोर कुठला, धनी. झाडू झालाय."

"मग पीळ दे की. पीळ दिल्याशिवाय धागा धाग्याला धरत नाही. वरून राळ आणि मेण चोळ. तीन पिढ्यांचे काम आहे माझे, भिवरे, मला शिकवू नकोस."

"पाखरू नको म्हणते."

"पाखराच्या बापाने दोर वळला होता काय?"

दुसऱ्या वर्षी तिने त्याचे ऐकले. बटा पिळल्या, राळ चोळली. आठ दिवसांत डोक्यावर गुळगुळीत, काळेभोर, एकसारखे दोर लोंबू लागले. शेजारणी पाहून गेल्या. सुगरण मात्र खाली उतरली आणि तिने एका बटेवर चोच मारली. बट वाळक्या शेंगेसारखी फुटली. आत ओल होती, राळेखाली कोंडलेली, आणि बुरशी. केस केसाला धरलेच नव्हते. राळेने नुसते चिकटले होते.

भिवराने डोके भादरून घेतले. त्या संध्याकाळी तिने सुभानाला सगळे सांगितले.

"रेघा किती झाल्या?" त्याने विचारले.

"पंचवीस."

"यापुढे मी काही सांगणार नाही," सुभाना म्हणाला, आणि पुढे दोन वर्षे त्याने तो शब्द पाळला.

पुन्हा केस आले. मानेपर्यंत पोचले तेव्हा त्यांनी आपापले सोबती निवडायला सुरुवात केली. काही बटा जाड झाल्या, काही बारीक, कोणत्याही दोन सारख्या नव्हत्या. मग बटांच्या मध्यावर मिऱ्याएवढ्या गाठी आल्या. मग सगळेच फुगले. केस बटांतून बाहेर डोकावू लागले, डोके दुप्पट दिसू लागले.

"माझ्या जातीला लाज आणलीस," सुगरण म्हणाली. "असे घरटे आमच्यात कावळाही बांधत नाही."

"कावळा तुमच्यात कधीपासून?"

"तुझे डोके पाहिल्यापासून."

चौथ्या वर्षी विपरीत घडले. खांद्याखाली आलेल्या बटा वर चढू लागल्या. आधी खांद्यापर्यंत, मग मानेपर्यंत, मग कानाच्या पाळीपर्यंत. तिकडे कातळ खाली चालला होता आणि इकडे दोर आखडत होता. भिवराने महिनाभर हे सुभानापासून लपवले. मग एका संध्याकाळी तिने कठड्यावर हनुवटी टेकून सांगून टाकले.

सुभानाने विचारले, "आखडला म्हणजे किती?"

"वीतभर होता, तिथे चार बोटे उरलाय."

खालून हसण्याचा आवाज आला.

"भिवरे, मी बोलणार नव्हतो, पण ऐक. अंबाडी वीस हात घेतली तर दोर किती होतो?"

"पंधरा हात. तुम्हीच सांगत होता."

"पाच हात कुठे जातात?"

"पिळात."

"मग? आखडला म्हणजे त्याने धरले. तू नाही दिलास, त्याने स्वतःचा पीळ स्वतः घेतलाय. बस निवांत उन्हात."

पाचव्या वर्षी पिंजारलेले केस बसले. बटा दोन बोटांत धरण्याजोग्या दिसू लागल्या, पण तिने धरल्या नाहीत. टोके गोल होऊन बंद झाली. शेजारच्या दोन बटा मुळाशी एक झाल्या, पुढे आणखी तीन त्यांना मिळाल्या, आणि मधोमध मनगटाएवढी एकच जटा राहिली. आता ती लांबू लागली. तिच्यात वजन आले. मान वळवली की ती मागून सावकाश येई. टोकाला ती उन्हाने तांबूस झाली होती, मध्ये काळी होती, आणि मुळाशी पांढरी, कारण भिवराचे वय थांबले नव्हते. मुळाशी दर महिन्याला कोवळे, सुटे केस येत. पहिल्यांदा तिला वाटले काम बिघडले. मग तिला कळले की जटा कितीही जुनी झाली तरी मुळाशी ती आजचीच असते.

लोक येऊन पाया पडू लागले. कोणी हळद-कुंकू घेऊन आले.

"देवी नाही, बाई, दोर आहे हा," भिवरा म्हणे. "हात लावू नका."

एकशे अडतिसाव्या रेघेला राजा वज्रकेत स्वतः आला. पूर्वेची भिंत त्याच सकाळी पडली होती. त्याच्या हातात सोन्याच्या मुठीची सुरी होती.

"बाई, जटा पोटरीपर्यंत आली. कापून दे."

"महाराज, तुमच्या आजोबांनी हेच म्हटले होते."

"त्यांनी हुकूम केला होता. मी विनंती करतो आहे."

"पाते दोन्हीला सारखेच लागते."

"आणखी दोन पौर्णिमा, की हाक बंद," राजा म्हणाला. "तुझा नवरा आहे. माझी नुसती भिंत आहे. तुझे तू ठरव." त्याने सुरी कठड्यावर ठेवली आणि तो बाजूला बसला.

भिवराने सुरीकडे पाहिले. ती उचललीही. मग भिवरा वाकली आणि विहिरीत ओरडली, "धनी, कापू का?"

हाक खाली जायला वेळ लागला आणि वर यायला त्याहून जास्त. ती माशीच्या गुणगुणीएवढी होती.

"कच्चा दोर टाकू नकोस. कच्च्या दोरावर मी एकदा उतरलोय."

भिवराने सुरी राजाला परत दिली.

एकशे एकोणचाळिसावी रेघ झाली. त्यानंतर पंचविसाव्या दिवशी ती ओढ्यावरून आली आणि उन्हात बसली. जटेचे मूळ काही महिन्यांपासून बारीक होत आले होते, धाग्याएवढे. दुपारी तिला मान हलकी वाटली. मागे पाहिले तर जटा दगडावर पडली होती. दुखले नव्हते. पिकलेले फळ देठातून सुटते तशी ती सुटली होती, आणि तिच्या जागी बोटभर नवे केस होते.

सुगरणीने आपला थवा बोलावला. चारशे चोचींनी जटा उचलली. एक टोक बाभळीच्या बुंध्याला वेढले, दुसरे विहिरीत सोडले. जेवढी ती वर्षानुवर्षे आखडली होती तेवढी आता सुटत गेली, हात, वीस हात, सात विसा हात, आणि तळाला लागली.

सुभाना वर चढला. काखेत पेटी होती.

"अकरा वर्षे त्या कातळावर हिलाच पाट करून बसलो होतो," तो म्हणाला. मग त्याने जटा मुठीत धरली, दाबली, नखाने चाचपली, दोर वळणारे पाहतात तशी. "एकही पीळ मी दिलेला नाही," तो म्हणाला. कोणाला उद्देशून म्हणाला ते कळले नाही.

पेटी उघडली. माणके गळून तळाशी पडली होती. कंबळनाथाची जटा जशीच्या तशी होती. सिद्ध डोंगरावरून उतरून येताना दिसला. त्याने ती उपरण्यासारखी खांद्यावर टाकली, भिवराच्या पांढऱ्या बोटभर केसांकडे एकदा पाहिले, मान डोलावली आणि तो निघून गेला. माणके राजाने भिंतीच्या कामाला दिली. ती भिंत अजून उभी आहे.

संध्याकाळी सुभाना आपल्या दारात बसला होता. तो उतरला तेव्हा तिशीचा होता आणि अजून तिशीचाच होता. भिवरा चाळिशी ओलांडून गेली होती.

"तू थोरली झालीस," तो म्हणाला.

"तुम्ही तसेच राहिलात."

"मग आता कसे?"

"मुराल हळूहळू," भिवरा म्हणाली. "घाई नाही."

निजण्याआधी तिने दुधाला विरजण लावले, सवयीने. सकाळी झाकण काढले तर दही लागले होते, आणि वर बोटभर साय होती. त्या राज्यात तेव्हापासून जे मुरायचे ते मुरते, जेव्हा मुरायचे तेव्हाच मुरते, आणि ही कथाही तशीच मुरून तुमच्यापर्यंत आली आहे.