भोळोबा आणि भिंतीचं बटण

कुणी ऐकलं असेल तर शपथ! "ह्यांच्या हाताला बटण लागू देऊ नका," असं सांगून सांगून केराबाईचा घसा बसला. पण बायकोनं नवऱ्याला खुळा म्हटलं की गाव बायकोकडंच डोळे वटारून बघतं.

तर एका गावात एक भोळा शिपाई होता. दूध संकलन केंद्रात होता. गाव त्याला भोळोबा म्हणे. खरं नाव होतं त्याला, चांगलं दणदणीत होतं, पण ते केराबाई कशी घेणार? नवऱ्याचं नाव ते. उखाण्याशिवाय तिनं ते कधी तोंडातून काढलं नव्हतं.

केंद्र मात्र मोलाचं. ते झालं म्हणून गावच्या बायकांची डोक्यावर किटल्या घेऊन टेकडी ओलांडायची पीडा टळली होती. केराबाईची मान अजून त्या किटल्यांनी दुखत होती.

त्या केंद्रात कॉम्प्युटर आला. सचिव हणमंतरावांनी बजावलं, "काम संपलं की भिंतीचं बटण बंद करायचं. रोज. मुळापासून वीज तोडली की यंत्र टिकतं."

"बरं," भोळोबा म्हणाला.

संध्याकाळी हणमंतराव गावाचं दूध कॉम्प्युटरात भरत बसले होते. मध्येच चहाचा कप उचलला. हात थांबला, म्हणजे काम संपलं. भोळोबानं खट्‌दिशी बटण पाडलं. सगळं भरलेलं गेलं.

"अरे, असा गळा दाबतात होय? आधी त्याला नीट बंद होऊ द्यायचं. पडदा काळा होईपर्यंत थांबायचं. मग बटण!"

"बरं."

गाव म्हणालं, "भोळा आहे बिचारा. दोष विजेचा." आणि भिंतीची वीज गेली तरी चालावा म्हणून कॉम्प्युटरला इन्व्हर्टर बसवला.

"दोष कुणाचा ते मला विचारा की!" केराबाई म्हणाली.

"मग नाव घ्या की, वहिनी!" पारावरचे बाप्ये खिदळले. केराबाईनं पदर खोचला आणि तोंड मिटलं.

पुढं एका सकाळी गच्चीवर कुरडया वाळत होत्या. केराबाई चुलीपाशी होती. "आवो, टाकी भरली, मोटर बंद करा!"

भोळोबा मोटरीपुढं जाऊन उकिडवा बसला. मोटर घुं घुं करत होती. तो बघत राहिला. पाणी टाकीतून गच्चीवर, गच्चीवरून जिन्यात आलं. कुरडया तरंगत तरंगत उंबऱ्याशी आल्या.

"करताय काय तुम्ही?"

"पडदा काळा व्हायची वाट बघतोय."

"मोटरीला पडदा? पडदा तुमच्या डोक्याला आहे! पाणी वाहताना दिसलं की बटण पाडायचं, वाट बघत बसायचं नाही!"

"बरं."

गाव म्हणालं, "भोळा आहे बिचारा. टाकीच लहान."

"लहान टाकी नाही, दुसरंच काहीतरी आहे," केराबाई करवादली.

"मग नाव घ्या की, वहिनी!"

पुन्हा तोंड मिटलं.

मग हणमंतरावांच्या लेकीचं लग्न आलं. पाठवणीला अंधारून आलं होतं, मांडवात दिवे लागले होते. नवरी आईच्या गळ्यात पडली आणि दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या. भोळोबानं बघितलं. पाणी वाहत होतं. तो धावत गेला आणि मांडवाचं मोठं बटण पाडलं.

काळोखात वऱ्हाडानं घाईघाईनं नवरीची आत्या गाडीत घातली. आत्या पुढच्या गावापर्यंत बोंबलत गेली, पण वऱ्हाडाला वाटलं, नवरी रडतेय.

हणमंतराव भोळोबावर धावून गेले. "माणसं असताना बटणाला हात लावायचा नाही! चिटपाखरू नसेल तेव्हा काय पाडायचं ते पाड!"

"बरं."

गाव म्हणालं, "दोष मांडववाल्याचा." केराबाईनं नुसतं गावाकडं बघितलं.

मग चैत्रातली जत्रा आली. ऊन असं की दुपारी सावलीसुद्धा भिंतीला चिकटून बसे. संध्याकाळचं दूध मोठ्या कूलरमध्ये गारगार पडलं होतं. सगळं गाव कुस्त्यांना गेलं. जाताना केराबाई हणमंतरावांना म्हणाली, "किल्ली ह्यांच्याकडं नका ठेवू."

"वहिनी, रिकाम्या खोलीत करून करून काय करतील?"

सकाळी टँकर आला. कूलरचं झाकण उघडलं. आत दह्याचा डोंगर. वास आला तसा टँकरवाला दोन पावलं मागं गेला. तालुक्याच्या दूध संघाचे साहेब जीप घेऊन आले. केंद्रात काळोख होता आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर तेवढा झगझगीत चालू होता.

"मेन स्विच कुणी पाडला?"

भोळोबा पुढं आला. काही चुकलंय असं त्याच्या तोंडावर कुठंच नव्हतं. "कूलरखाली पाणी वाहत होतं, साहेब. माणूस कुणी नव्हतं. कबुतरांची एक जोडी होती, ती आधी हुसकली. मग मोठं बटण पाडलं."

"आणि कॉम्प्युटर?"

"त्याचा पडदा कुठं काळा झाला होता? त्याला कसा हात लावायचा?"

हणमंतराव घाईनं म्हणाले, "भोळा आहे, साहेब. माझं म्हणणं, हा कॉम्प्युटर रोज बंद करायचा की नाही, हाच मूळ घोळ आहे." झालं! दह्याच्या वासात उभं राहून गाव वाद घालू लागलं. कुणी म्हणे रोज बंद करावा, कुणी म्हणे कधीच नाही, कुणी म्हणे दोष इन्व्हर्टरचा.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "यंत्राचा दोष असेल तर कूलर आत्ता उचलून नेतो आणि केंद्र बंद. माणसाचा असेल तर माणूस बदला, केंद्र राहील. काय लिहू?"

भोळ्याच्या पोटावर पाय कोण देणार? हणमंतराव चपलेकडं बघत होते. केराबाईनं टेकडीकडं बघितलं. हात आपसूक मानेवर गेला.

"माणसाचा दोष, साहेब. लिहा."

मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं, "मग नाव घ्या की, वहिनी!"

केराबाईनं घेतलं. उखाणा नाही, लाजणं नाही, डोक्यावर पदर नाही. सगळ्या गावासमोर, टेकडीपल्याड ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"सर्जेराव बाबूराव ढेकळे!"